माहेरच सिडकोत आणा

नमस्कार. मी सिडकोत राहते, वय ५९. धाकटा मुलगा अंबडला कंपनीत आहे, तिन्ही शिफ्ट असतात. सून खासगी शाळेत शिकवते. लग्नाला चार वर्षं झाली, आता दिवस गेलेत आणि सोनोग्राफीत जुळी निघाली. सध्या चोविसावा आठवडा चालू आहे, तारीख जानेवारीची दिली आहे. घरात आनंद आहे, पण आनंदापेक्षा गोंधळ जास्त. सुनेचं माहेर कळवण तालुक्यात. व्याही म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरचं, दिवाळीआधी घेऊन जातो. माझी नणंद म्हणते, दोन बाळं एकीला झेपत नाहीत, एक तिच्या आईकडे ठेवा, एक तुम्ही सांभाळा, शाळेत घालायच्या वेळी एकत्र आणा. मुलगा काहीच बोलत नाही. कामावरून येतो, जेवतो, मोबाइल बघत झोपतो. परवा रात्री सून हुंदके देत होती. मी भिंतीपलीकडून ऐकलं, पण आत जावं की नाही कळेना. माझे गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही. मला मदत करायची आहे, लुडबुड करायची नाही. मी नक्की काय करू?
— एक सासू, सिडको, नाशिक

ताई,

आधी नणंदबाईंनी सुचवलेल्या वाटणीबद्दल बोलते, कारण तशी वाटणी माझ्या घरात झाली होती.

माझी जुळी १९९६ची, दोघंही मुलगे. पहिला दोन किलोचा, दुसरा सोळाशे ग्रॅमचा. दोघं तीन महिन्यांचे झाले तेव्हा माझी आई धुळ्याहून आली आणि माझी अवस्था बघून म्हणाली, धाकट्याला मी नेते, तू एकाकडे नीट बघ. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकं वाटण्याची लाज पुढे कित्येक वर्षं पुरली. महिन्यातून एकदा आम्ही एसटीने त्याला बघायला जायचो. तो अकरा महिन्यांचा झाला तेव्हा आणायला गेलो. मी हात पुढे केले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आजीच्या कुशीत तोंड खुपसलं. आईचं लुगडं हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याच्या पदराचं टोक त्याने मुठीत असं धरलं होतं की एकेक बोट सोडवावं लागलं. मालेगाव गेलं, चांदवड आलं तरी तो रडतच होता. चांदवडच्या पुढे दमून झोपला, तोही माझ्याजवळ नाही, नवऱ्याच्या खांद्यावर. घरी आल्यावर थोरला त्याच्याकडे शेजारचं कुणी आल्यासारखा बघत राहिला.

पुढे सगळं जुळून आलं. पण ते आठ महिने गेले ते गेलेच. यात माझ्या आईची काही चूक नव्हती, तिने जीव लावूनच सांभाळलं. फक्त आम्हाला त्या वेळी हवे होते जास्तीचे हात, आणि झालं काय, तर घरातलं एक बाळ कमी झालं. म्हणून नणंदबाईंना प्रेमाने, पण एकदाच आणि ठाम सांगा, की बाळं वाटायची नाहीत, कामं वाटायची.

आता माहेरचं. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत मला मनापासून आवडते. लेकीला आईच्या हातचं गरम खायला मिळावं, तिने कुणाची भीड न धरता लोळावं, रडावं, ही त्यातली माया आहे. व्याह्यांना तुम्ही ‘आमच्याकडेच राहू दे’ एवढंच म्हणालात, तर त्यांना ते सासरची मनमानी वाटेल. त्यामुळे कारण नीट सांगायला हवं, आणि कारण असं आहे.

जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळं ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत येतात. म्हणजे कागदावर तारीख जानेवारीची असली, तरी तुम्ही तयारी डिसेंबरची, खरं तर नोव्हेंबर संपायच्या आतली करायची. कळा लवकर सुरू झाल्या, तर आईला एक इंजेक्शन देतात, त्याने पोटातल्या बाळांची फुप्फुसं लवकर तयार व्हायला मदत होते. त्याचा पुरेपूर उपयोग व्हायचा तर जन्माआधी सुमारे २४ तास मिळावे लागतात. अशा वेळी रात्री कळवणच्या गावातून गाडी शोधायची, वणी-दिंडोरीमार्गे नाशिक गाठायचं, यात जे दोन-अडीच तास जातात ते परवडणारे नसतात.

दुसरी गोष्ट रिपोर्टमध्ये शोधा. दोन्ही बाळांची वार, म्हणजे प्लॅसेंटा, एकच आहे की वेगवेगळी? हे सगळ्यात खात्रीने कळतं ते ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत, म्हणजे जुन्या फाइलीत ते असेल. ‘डीसीडीए’ असं लिहिलं असेल तर वारा वेगळ्या. ‘एमसीडीए’ लिहिलं असेल तर वार एक. एकाच वारेवर दोघं असतील तर रक्ताची वाटणी कमी-जास्त होऊ शकते, एकाला जादा आणि दुसऱ्याला अपुरं. म्हणून अशा वेळी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. वेगळ्या वारा असतील तर साधारण दर चार आठवड्यांनी. आणि सगळं सुरळीत असलं, तरी वेगळ्या वारेची जुळी ३७-३८व्या आणि एका वारेची ३६-३७व्या आठवड्यात जन्मावीत असं डॉक्टर बहुधा ठरवतात. हा कागद हातात घेऊन व्याह्यांशी बोललात, की बोलणं मानापमानाचं राहणार नाही.

पुढच्या तपासणीला मुलगा आणि सून दोघं जाऊ द्या. तुम्ही बाहेर बसा. एकच प्रश्न मात्र चिठ्ठीवर लिहून मुलाच्या खिशात घाला: नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष याच इमारतीत आहे, की बाळं दुसरीकडे हलवावी लागतील? माझ्या वेळी हे कुणी विचारलं नव्हतं. मी एका हॉस्पिटलात टाके सांभाळत पडलेली, आणि दोन्ही बाळं गावाच्या दुसऱ्या टोकाला. नवरा स्कूटरवरून दुधाची बाटली नेत होता आणि तिथे त्याला काचेबाहेर थांबवत होते. ‘आईला बोलवा’ म्हणायचे. सहा दिवस त्याने आपल्या मुलांना हात लावला नाही. तो कधी याबद्दल बोलला नाही, पण मुलांचे जुने फोटो काढले की त्या पहिल्या आठवड्याच्या पानावर तो थांबत नाही.

म्हणून तुमच्या गप्प मुलाबद्दल मला फार वाटतं. आपल्याकडे बायको सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळ तीन महिन्यांचं होऊन परत येतं. मधल्या काळात बाप होणाऱ्या माणसाला कुणी काही शिकवत नाही. एक बाळ असलं तर तेही निभावतं. जुळ्यांत निभावत नाही. रात्री दोघं एकदम रडतात, तेव्हा आईला दोनच हात असतात, आणि दुसरे दोन हात त्याचे असावे लागतात. तो मोबाइल बघतो म्हणजे त्याला पर्वा नाही असं मला वाटत नाही. हॉस्पिटलचा खर्च, घराचा हप्ता, सुपरवायझरचं तोंड, आणि ‘मला जमेल का’, या सगळ्याचं काय करायचं ते त्याला कळत नसेल. त्याला ‘काय विचार करतोस’ म्हणून समोर बसवू नका, आणखी मिटेल. एखादं ठोस काम सोपवा. बोलणं कामातून निघतं.

पहिलं काम सुट्टीचं. सुनेला, तिचं हे पहिलंच बाळंतपण असल्याने, कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळायला हवी. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या सुधारणेने ही रजा २६ आठवड्यांची झाली. बापासाठी खासगी कंपनीत असा कायदा नाही. म्हणून त्याने आतापासून पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा, साठवावी आणि सगळी एकदम उडवू नये. चार-पाच दिवस जन्माच्या वेळी, आणि उरलेली बाळं घरी येतील तेव्हा. लोकांची गर्दी जन्माच्या वेळी असते, खरी गरज घरी आल्यावर लागते. सुपरवायझरशी आत्ताच बोलून दोन-तीन महिने शिफ्ट बदलू न देता एकच मागून घ्यावी. सेकंड मिळाली तर वाईट नाही. रात्री अकराला सुटून घरी आला की बाराचं दूध त्याच्याकडे, मग सुनेला दहा ते तीन सलग झोप. ही सलग चार-पाच तासांची झोप बाळंतिणीला डिंकाच्या लाडवाइतकीच औषधी आहे.

बाळं लवकर आली आणि अतिदक्षता कक्षात राहिली, तर काय? घाबरू नका, पण मनाची तयारी ठेवा. आता बापाला काचेबाहेर ठेवायचे दिवस राहिलेले नाहीत. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, आणि आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा बाळांना रोज आठ तासांपासून जितका जास्त वेळ जमेल तितका असं ठेवावं. हे आईनेच करावं असं नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात गेल्या हिवाळ्यात मी पाहिलं: बाप खुर्चीत मागे रेलून बसलेला, शर्टाची बटणं उघडी, छातीवर लंगोट आणि टोपडं घातलेली दीड किलोची मुलगी बेडकासारखी पाय दुमडून पडलेली, वरून शाल. बाहेर नाशिकची जानेवारीतली थंडी. तो हलत नव्हता, फक्त श्वास घेत होता, आणि त्याच्या श्वासाबरोबर ते टोपडं वर-खाली होत होतं. पलीकडे आईच्या छातीशी दुसरी. जुळ्यांना दोन छात्या लागतात, ताई. एक तुमच्या मुलाची आहे, हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. वेळ पडली तर तुम्हीही बसू शकता. खुर्चीत बसायचं असतं, मांडी घालावी लागत नाही.

कधी एक बाळ आधी घरी सोडतात आणि दुसरं मागे राहतं. आईचे सगळ्यात कठीण दिवस ते. घरी असलेल्याजवळ बसली तर तिकडचं आठवतं, तिकडे गेली तर इकडचं. त्या दिवसांत ‘तू नको जाऊस, दमशील’ असं म्हणू नका. रिक्षा बोलवा, बाळाला तुम्ही धरा, तिला जाऊन येऊ द्या. बाळ ३४ आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. फारच आधी किंवा फारच कमी वजनाचं असेल तर त्याहूनही लवकर. घरी जायच्या आनंदात ही तारीख राहून जाते. कॅलेंडरवर तुम्ही लाल पेनाने लिहा.

दुधाबद्दल एक वाक्य घरात कुणी बोलायचं नाही, आणि ते तुम्ही जपायचं: ‘दोघांना कसं पुरणार?’ दूध जितकं ओढलं जातं तितकं तयार होतं, दोन बाळं ओढतील तर दोघांपुरतं होऊ शकतं. पहिल्या दिवसाचा चीक थेंबभर असला तरी तो दोघांना मिळावा. बाळं लांब असली तर तीन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने किंवा पंपाने दूध काढत राहायचं. दोघांना एकदम पाजायचं तर काखेखाली दोन्ही बाजूंना उशा लावून, बाळांचे पाय मागे, डोकी पुढे, अशी एक पद्धत आहे. सुरुवातीला कुणीतरी बाळं उचलून द्यावी लागतात. ते काम मुलाचं. वजन वाढत नाही म्हणून डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं, तर तेही अपराधी न वाटून घेता द्यावं. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं, दर वेळी उकळून घेतलेलं. बाळगुटी, मध, शेगडीची धुरी, काजळ यांवर तुमची श्रद्धा असेल, माझ्या सासूबाईंचीही होती. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पोटाला आणि फुप्फुसांना ते सोसत नाही. पहिले सहा महिने दूध आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब, बस्स.

घरात एक वही करा. शंभर पानी, दोरीला पेन बांधलेलं. दोन बाळांची दिवसाला सोळा ते वीस वेळा पाजणी होते, त्यात कुणाला कधी दिलं, लंगोट कितीदा ओली झाली, थेंब दिले की नाही, हे तिसऱ्या रात्रीनंतर कुणाच्याही लक्षात राहत नाही. पान उभं दुमडायचं, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. सारखी दिसत असतील तर एकाच्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिश लावून ठेवा. हाताला नको, तोंडात जाते. औषधाचा डोस एकालाच दोनदा गेला, असं चांगल्या शिकलेल्या घरांत होतं, आणि त्यावरून नवरा-बायकोत रात्री अडीचला जे भांडण होतं ते कुणाच्याच भल्याचं नसतं. वही असली की ‘तू दिलंस का’ हे विचारावंच लागत नाही.

लोक येतील. सिडकोतल्या गल्लीत जुळी आली म्हटल्यावर येणारच. बारसं बाराव्या दिवशी नको, बाळं धरतील तेव्हा करा. दाराशी तुम्ही बसा. खुर्ची टाका, हात धुवायला लावा, चहा बाहेरच्या खोलीत. ‘बाळं झोपलीत’ हे तुम्ही म्हणालात तर कुणाला राग येणार नाही, सुनेने म्हटलं तर पुढे वर्षभर ऐकावं लागेल. आणि दोन्ही मुली झाल्या, तर पहिलं वाक्य तुमच्या तोंडून जाऊ द्या. आजीने ‘माझ्या घरी दोन लक्ष्म्या आल्या’ असं मोठ्याने म्हटलं की शेजारणींना कुजबुजायला जागा उरत नाही. हे तुमच्याशिवाय कुणालाच करता येणार नाही.

आता भिंतीपलीकडचा हुंदका. पुढच्या वेळी ऐकलात तर उठा. दार वाजवा, पाण्याचा तांब्या ठेवा, ‘पाय चेपू का?’ एवढंच विचारा. सल्ला देऊ नका, ‘सगळ्यांनाच होतं’ असं तर अजिबात नको. तिला दोन बाळांची भीती वाटत असेल, आणि आनंद व्हायला हवा तेवढा होत नाही म्हणून अपराधीही वाटत असेल. ती आधी माणूस आहे, मग आई. बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस कारणाशिवाय रडू येतं, ते ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास राहिली, बाळं झोपली तरी तिला झोप लागेना, खाणं तुटलं, किंवा ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलली, तर थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर दिवस-रात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हाच नंबर मुलासाठीही आहे. जुळ्यांचे आई-बाप, दोघंही, यात जास्त अडकतात. आणि आत्ता, जन्माआधी, तिला सतत डोकं दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, तोंडावर-हातावर एकदम सूज आली, रक्त किंवा पाणी गेलं, पोट सारखं कडक व्हायला लागलं, किंवा बाळांची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. फाइल दाराजवळच्या खुंटीला पिशवीत टांगून ठेवा, १०८चा नंबर सगळ्यांना पाठ असू द्या.

राहिला तुमचा प्रश्न, मी काय करू. तुमचे गुडघे दुखतात, ते मी मनावर घेतलं आहे. बाळांना न्हाऊ घालणं, उचलून फिरवणं हे तुमचं काम नाही. त्यासाठी मालिशवाली बाई लावा. दोन बाळांचे दुप्पट पैसे मागेल, द्या, त्यात काटकसर नको. तुम्ही स्वयंपाक, दार, वही आणि लाल पेन सांभाळा. बाकी जागा मोकळी सोडा. मुलाने लंगोट वाकडी बांधली तर बांधू द्या, सरळ करायला हात पुढे करू नका. दहा दिवसांत तोच नीट बांधेल.

आणि माझं सगळ्यात महत्त्वाचं मागणं. सुनेला कळवणला न पाठवता तिचं माहेर तुमच्याकडे आणा. विहीणबाईंना नोव्हेंबरच्या मध्यापासून निदान बाळंतपणाचा सव्वा महिना होईपर्यंत, आणि जमलं तर पुढेही, राहायला बोलवा. सिडकोतली घरं मोठी नसतात, ठाऊक आहे. पुढच्या खोलीत दोघी झोपाल. तुमच्या ओट्यावर त्या उभ्या राहतील, मीठ कुठे ठेवलंय विचारतील, फोडणी त्यांच्या पद्धतीने घालतील. ते सोसा. लेकीला आईच्या हातचं मिळेल, मुलगा बाळांपासून तुटणार नाही, बाळं एकमेकांजवळ राहतील. डोळ्यांची तपासणी झाली, वजनं धरली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही बाळांना घेऊन सून महिनाभर माहेरी जाऊ दे. मुलगा दर वीकली ऑफला जाईल. सप्तशृंगी गडावर देवीला न्यायचं असेल तर तेव्हा न्या.

हा फोन मुलाला करायला लावू नका, व्याह्यांनाही नको. थेट विहीणबाईंना करा, दुपारी, त्या निवांत असतील तेव्हा. ‘तुमच्या लेकीचं बाळंतपण तुम्हीच करायचं आहे, फक्त माझ्या घरात करा,’ असं म्हणा. आणि येताना गादी आणू नका म्हणावं, इथे आहे.